पंचविसांश मोटार : एका छंदाचा इतिहास आणि त्याचे साधनमूल्य

इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, नाणी, दप्तरे आणि पोथ्या यांना जी प्रतिष्ठा आहे, ती खेळण्यांना सहसा लाभत नाही. तथापि विसाव्या शतकातील अमेरिकेच्या औद्योगिक जीवनाचा अभ्यास करणाऱ्यास एका खेळण्याची दखल घेणे क्रमप्राप्त आहे. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींचे जुळणी-संच हे ते खेळणे होय. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीतून काढावयाचे, ते घासून, रंगवून, सांधून मूळ गाडीची हुबेहूब लहान आवृत्ती उभी करावयाची, असे या छंदाचे स्वरूप आहे. तो कसा उदयास आला, आणि केवळ जाहिरातीसाठी निर्माण झालेली वस्तू पुढे ऐतिहासिक साधनाच्या पदवीस कशी पोहोचली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या छंदाची पूर्वपीठिका लाकडी कारागिरीत सापडते. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. प्रारंभी स्पर्धकांना नेपोलियनकालीन राजरथाची लघु प्रतिकृती घडवावी लागे; १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटार घडविण्याचा विभागही तीत आला. १९६८ पर्यंत चाललेल्या या स्पर्धेत यशस्वी मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्यांपैकी काही जण पुढे मोटारींचे रचनाकार झाले. येथे लाकडाचा ठोकळा, हत्यारे आणि मुलाचे हात एवढीच सामग्री होती. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकने ही परिस्थिती पालटली.

हा पालट मुलांच्या गरजेतून झाला नाही. तो मोटारविक्रीच्या गरजेतून झाला. १९२० नंतरच्या दशकात आल्फ्रेड स्लोन याच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने दरवर्षी गाडीचे बाह्यरूप बदलण्याचे धोरण स्वीकारले होते. जुनी गाडी चालू असतानाही ग्राहकाच्या मनात नवीची इच्छा उत्पन्न व्हावी, हा त्यातील हेतू. महायुद्धोत्तर काळात हे धोरण सर्व मोठ्या कंपन्यांनी अंगीकारले, आणि नव्या वर्षाच्या गाडीची लहान प्रतिकृती विक्रेत्यांच्या पेढीवर ठेवण्याची प्रथा रूढ झाली. कधी ती ग्राहकाच्या मुलाच्या हाती भेट म्हणून पडे. या प्रतिकृती जोडलेल्या स्थितीतच येत आणि त्यांचा रंगही मूळ गाडीच्या रंगाशी मिळता असे. हौशी मंडळींत त्यांना ‘प्रोमो’ हे संक्षिप्त नाव मिळाले.

मिशिगन राज्यात १९४८ मध्ये स्थापन झालेली एएमटी ही या व्यवसायातील एक प्रमुख संस्था. ‘ॲल्युमिनम मॉडेल टॉइज’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव बनले. परंतु थोड्याच अवधीत ॲल्युमिनियम मागे पडून प्लॅस्टिक आले. द्रव्य गेले आणि नाव राहिले, हा शब्दांच्या इतिहासात नित्य आढळणारा प्रकार येथेही घडला. आरंभीच्या अनेक प्रोमोंसाठी वापरलेले सेल्युलोज ॲसिटेट कालांतराने आकसते व वाकते. त्यामुळे त्या काळातील कित्येक प्रतिकृती आज पाठ वाकलेल्या अवस्थेत सापडतात. पुढे पॉलिस्टायरीन वापरात आल्यावर हा दोष दूर झाला.

एएमटीने १९५८ मध्ये त्याच वर्षाच्या गाड्यांचे जुळणी-संच बाजारात आणले. एकाच पेटीतून तीन प्रकारची गाडी बनविता येईल, अशी त्यांची योजना होती : कारखान्यातून निघते तशी, हौसेने फेरफार केलेली, किंवा शर्यतीची. प्रोमोसाठी तयार केलेला साचाच येथे कामी आला, आणि विक्रेत्याच्या पेढीवरील वस्तू मुलाच्या टेबलावर आली. पंचविसांश प्रमाण या संचांत रूढ झाले. पाच मीटर लांबीची गाडी या प्रमाणात वीस सेंटिमीटरांची होते. ज्यांनी एका फुटास अर्धा इंच हे माप धरले, त्यांचे प्रमाण चोविसांश झाले. ही दोन्ही प्रमाणे आजही शेजारी शेजारी नांदतात.

आता या इतिहासातील मर्माचा मुद्दा पाहावयाचा आहे. तापवून पातळ केलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरले की प्रतिकृतीचे भाग तयार होतात. असा साचा कोरणे अतिशय खर्चाचे काम होते. मूळ गाडीचे रूप दरवर्षी बदलणार आणि तिच्याबरोबर प्रतिकृतीही बदलली पाहिजे. मग दरवर्षी नवा साचा कोठून आणावयाचा? उपाय एकच होता. जुन्याच साच्यात धातू भरून आणि पुन्हा कोरून त्यास नव्या वर्षाचे रूप द्यावयाचे. परिणामी, नव्या वर्षाची प्रतिकृती जन्मास येताना मागील वर्षाची प्रतिकृती कायमची नष्ट होई. काही साच्यांतील मडगार्डे पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी कापली गेली. मूळ रूप त्यांतूनही पुन्हा निघणे शक्य राहिले नाही.

जुना मजकूर खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा मजकूर लिहिण्याची मध्ययुगीन युरोपातील रीत प्रसिद्धच आहे. साच्यांचा प्रकार याहून भिन्न नाही. जुन्या अक्षरांच्या खुणा जशा चर्मपत्रावर उरतात, तशा येथेही उरतात. गाडीचा टप व बंपर नव्या वर्षाचे, पण तळाचा सांगाडा जुन्याच वर्षाचा, असे संच आढळतात. आणि त्यांवरून साच्याची वंशावळ लावता येते. विशिष्ट वर्षाच्या संचाची न उघडलेली पेटी म्हणजे नष्ट झालेल्या मूळ संहितेची उरलेली प्रतच होय.

प्रतिकृती आपल्या मूळ वस्तूहून अधिक टिकू शकते, याचे ठळक उदाहरण क्रायस्लरच्या टर्बाइन मोटारीचे आहे. वायुचक्रावर चालणाऱ्या या गाडीच्या ५ प्रायोगिक प्रती आणि जनतेच्या वापरासाठी ५० प्रती तयार झाल्या. १९६३ ते १९६६ या काळात २०३ निवडक नागरिकांना त्या आळीपाळीने चालविण्यास देण्यात आल्या. प्रयोग संपल्यावर एकूण ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट करण्यात आल्या. केवळ ९ उरल्या. परंतु डेट्रॉइटच्या जो-हान कंपनीने या गाडीचा पंचविसांश संच काढला होता, आणि त्यात टर्बाइन इंजिनाचेही भाग होते. ज्या गाडीचे दर्शन आज मोजक्या ठिकाणीच घडते, तिची अंतर्रचना अनेकांच्या कपाटात सुरक्षित राहिली.

असे असले तरी या साधनाचा उपयोग सावधपणेच केला पाहिजे. डेट्रॉइटमधील प्रतिकृतिकारांना मोटार कंपन्यांकडून आराखडे आगाऊ मिळत. साहजिकच मूळ गाडीत अखेरच्या क्षणी झालेला फरक प्रतिकृतीत उतरेलच, असे म्हणता येत नाही. याउलट जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीची रीत सांगितली जाते. १९७६ च्या पोर्श प्रतिकृतीच्या तयारीत तिने एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली व भागांचे निरीक्षण केले. तिसरा प्रकार तर मूळ आणि प्रतिकृती यांचे नातेच उलटे करणारा आहे. मोनोग्रॅम कंपनीसाठी टॉम डॅनियल याने कल्पिलेली ‘रेड बॅरन’ ही गाडी १९६८ मध्ये संचाच्या रूपाने प्रथम अवतरली, आणि तिच्यावरून पूर्ण आकाराची गाडी नंतर बांधण्यात आली. आराखड्यावरून घडलेली, प्रत्यक्ष वस्तूवरून घडलेली आणि केवळ कल्पनेतून घडलेली अशा तिन्ही प्रतिकृती दुकानात एकाच फळीवर बसत. अभ्यासकाने मात्र त्या वेगळ्या ठेवावयास हव्यात.

या छंदातील मुख्य वाद साधनमूल्याच्या याच प्रश्नाशी निगडित आहे. संग्राहकाच्या दृष्टीने पेटी उघडली की तिचे मोल घटले; बांधणाऱ्याच्या दृष्टीने न उघडलेली पेटी म्हणजे न वाचलेला ग्रंथ. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. संच बांधण्यासाठीच निर्माण झाला, हे खरे. आणि तो बांधताच सुट्या भागांचे मूळ रूप लोपते, हेही खरे. या दोहोंच्या मधला एक वर्ग आहे. पूर्वी एखाद्या मुलाने गोंदाचा अतिरेक करून बांधलेल्या प्रतिकृतीस हौशी मंडळी ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात. अशा प्रतिकृती मिळवून, ब्रेकच्या तेलात बुडवून त्यांचा जुना रंग उतरवावयाचा, सांधे हलक्या हाताने सोडवावयाचे आणि गाडी पुन्हा शुद्ध स्वरूपात उभी करावयाची, हे काम हा वर्ग करतो. भ्रष्ट पोथीवरून पाठ सिद्ध करणाऱ्या संपादकाचेच हे काम होय.

१९७० नंतरच्या दशकात या धंद्यास उतार लागला. एएमटी १९७८ मध्ये ब्रिटनच्या लेझनी कंपनीकडे गेली. रेव्हेल आणि मोनोग्रॅम यांचे १९८६ मध्ये एकीकरण झाले. प्रत्येक हस्तांतरात साच्यांचीही स्थलांतरे झाली, आणि तीत कित्येक साचे गहाळ झाले. अलीकडे मात्र एक नवी घटना घडली आहे. साचा उरलेला नाही अशा काही जुन्या संचांचे भाग यंत्राने मोजून त्यांवरून नवे साचे कोरले जात आहेत, आणि लोप पावलेल्या आवृत्त्या पुन्हा बाजारात येत आहेत.

या घटनेने उपर्युक्त वादाचा निकाल लावला नसला, तरी त्याची दिशा निश्चित बदलली आहे. पेटी न उघडता जपणाऱ्याने मूळ प्रत राखली, म्हणून नवा साचा शक्य झाला. आणि बांधणाऱ्यांची मागणी टिकून राहिली, म्हणून तो साचा कोरण्याचा खर्च कोणीतरी पत्करला. एकाच्या अभावी दुसऱ्याचे श्रम व्यर्थ गेले असते. गाडीचे रूप दरवर्षी बदलून मागचे विसरावयास लावणे, हा ज्या धोरणाचा हेतू होता, त्याच धोरणाच्या पोटी जन्मलेल्या या खेळण्याने त्या विसरावयाच्या रूपांची नोंद वर्षवार राखली. औद्योगिक संस्कृतीच्या अभ्यासकाने साधनांची यादी करताना दप्तरांबरोबर ही पुठ्ठ्याची पेटीही विचारात घ्यावी, एवढे या विवेचनावरून निष्पन्न होते.