बुलेट मोटारसायकल : इंजिनाची अंतर्गत झीज

रॉयल एनफील्ड बुलेट ३५० या मोटारसायकलच्या बिडाचा सिलिंडर असलेल्या जुन्या इंजिनात, एकमेकांवर घासणाऱ्या भागांमधील अंतर दीर्घ वापराने मूळ मापाबाहेर वाढत जाणे, यास अंतर्गत झीज म्हणतात. ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच येथील. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन तिची जुळणी, आणि कालांतराने संपूर्ण निर्मितीही, तेथे होऊ लागली. इंजिनाची मूळ रचना फारसा फेरफार न होता अर्धशतक टिकून राहिल्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्या अद्याप रस्त्यावर दिसतात, आणि त्यांची झीज हा जुन्या मिस्त्रींच्या कसबाचा एक स्वतंत्र प्रांतच होऊन बसला आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिमी., दट्ट्याची धाव ९० मिमी. आणि घनफळ ३४६ घ. सेंमी. हे या इंजिनाचे मूळ माप होय.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असता दट्ट्या सेकंदाला शंभर वेळा थांबून दिशा पालटतो, आणि ज्या वरच्या टोकाशी तो थांबतो तेथे ज्वलनाचा दाब व उष्णता सर्वांत अधिक, पण वंगणाचा थर मात्र सर्वांत विरळ असतो. सबब सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी न होता वरच्या रिंगेच्या मुक्कामाशी सर्वाधिक होते. त्या जागेच्याही वर, जेथवर रिंग कधी पोचतच नाही, तेथे मूळ मापाचे कडे अस्पर्श राहते. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या आतून नख वर ओढीत नेले, तर ते त्या कड्याशी अडते. कोणत्याही उपकरणाशिवाय मिळणारा झिजेचा हा पहिला दाखला. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना दट्ट्याला पुढच्या व मागच्या भिंतींवर रेटतो, त्यामुळे वर्तुळाकार छिद्र हळूहळू लंबवर्तुळाकार होत जाते. हवेच्या गाळणीतून सुटलेली धूळ, वेळेवर न बदललेले ऑइल, आणि थंड इंजिन चालू करताना चोकमधून बेसुमार आलेले व भिंतीवरील वंगण धुऊन नेणारे पेट्रोल, ही झीज त्वरेने वाढविणारी प्रमुख कारणे होत.

दुसरे मर्मस्थान कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाशी आहे. जुन्या बुलेटमध्ये तेथे रोलर नसून, क्रँकची पिन व रॉड यांच्या दरम्यान स्वैर फिरणारा, भोके पाडलेला बुश असतो. आत व बाहेर दोन्ही अंगांनी तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. उजवीकडच्या टायमिंग कव्हरमधून एका लहानशा बुचाच्या सीलद्वारे क्रँकच्या टोकात शिरणाऱ्या ऑइलवर त्याचे सारे आयुष्य अवलंबून आहे. हे सील कडक होऊन आक्रसले, किंवा नमद्याची गाळणी गाळाने तुंबली, तर बाहेरून काहीही न दिसता बुश उपाशी राहतो.

झिजेची लक्षणे ओळखताना धुराचा रंग व त्याची वेळ दोन्ही पाहावी. चढावर जोर देताना निळसर धूर निघाला तर रिंगा व सिलिंडर यांचा संशय घ्यावा. उतारावर थ्रॉटल मिटून पुन्हा उघडताच निघाला तर बहुधा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतात. काळा धूर मात्र कार्ब्युरेटरचा, त्याचा झिजेशी संबंध नाही. थंडीत खडखडणारा व इंजिन तापताच मवाळ होणारा आवाज दट्ट्याचा, तर ओझ्याखाली येणारा खोल, जड ठोका खालच्या बुशाचा. हा दुसरा आवाज ऐकू आल्यावर गाडी चालवीत राहणे म्हणजे रॉड तुटून क्रँककेस फुटण्यास वाट करून देणे होय. काँप्रेशन मोजल्यावर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे : दाब वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा.

यानंतरचा निर्णय मापानेच व्हावा, यावर येथे विशेष भर देणे अवश्य वाटते. सिलिंडरच्या भिंतीतील बीड ही मालकाची मुद्दल आहे. प्रत्येक बोअरिंगमध्ये तिचा एक हिस्सा कायमचा खर्ची पडतो. ओव्हरसाइझ दट्टे साधारणतः पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात, आणि एक मिलिमीटर वाढविल्यावर, म्हणजे घनफळ सुमारे ३५६ घ. सेंमी. झाल्यावर, पुढे स्लीव्ह बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. धूर दिसताच ‘बोअर करून टाका’ असे सांगणारा मिस्त्री ग्राहकाची मुद्दलच उधळतो. वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर पुढे-मागे व डावीकडे-उजवीकडे अशी एकूण सहा मापे घ्यावीत. तफावत मर्यादेत असेल तर भिंतीची चकाकी होनिंगने मोडून केवळ रिंगा बदलणे पुरेसे होते, मात्र वरचे कडे आधी काढलेच पाहिजे, अन्यथा नवी रिंग त्यावर आदळून तुटते. रिंगेच्या दोन टोकांतील फट ७० मिमी. व्यासाला सुमारे पाव मिलिमीटर असावी, आणि ती सिलिंडरच्या सर्वांत कमी झिजलेल्या खालच्या भागात फीलर गेजने पाहावी. बोअर करणे अटळच ठरले, तर दट्ट्या आधी विकत घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावा आणि मग त्याच्या मापाने बोअर करावे. प्रस्तुत नोंदकाराच्या गाडीचा सिलिंडर एकदा याच्या उलट क्रमाने, दट्ट्या हाती येण्यापूर्वीच, ‘दुसऱ्या साइझला’ म्हणून बोअर झाला. आलेला दट्ट्या त्यात सैल निघाला, आणि दोन पायऱ्यांचे बीड एका दिवसात गेले.

खालच्या बुशाची दुरुस्ती अधिक जोखमीची. रॉड सरळ वर-खाली ओढून पाहावा. त्या दिशेने हाताला जाणवेल एवढीही ढिलाई असता कामा नये, बाजूला थोडे सरकणे मात्र स्वाभाविक समजावे. क्रँकची चाके सोडवून नवा बुश व पिन घातल्यावर ती पुन्हा एका रेषेत आणणे हे डायल गेज व पितळी हातोडा यांचे, आणि मुख्यतः सवयीच्या हाताचे, काम आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी असे हात आजही सापडतात.

इंजिन बांधून झाले की पहिल्यांदा चालू करताच रॉकरकडे जाणाऱ्या ऑइलनळीचा बोल्ट किंचित सैल करून पाहावा. तेथे ऑइल पाझरू लागले म्हणजे पंपाने ओढ धरली. न पाझरल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. पहिले ८०० किमी. होनिंगच्या बारीक रेघा व नव्या रिंगा एकमेकींत मुरण्याचे असतात. या काळात गाडी हळू, पण एकाच वेगाने न चालविता, इंजिनावर ताण न आणता हाकावी, आणि पहिले ऑइल लवकर, इंजिन गरम असतानाच, पांढऱ्या थाळीत सोडावे. उन्हात थाळी कलती केली असता राखाडी, बोटाला न जाणवणारी चमक दिसणे हे सिलिंडर मुरत असल्याचे चिन्ह होय. थाळीत खालच्या बुशाच्या धातूचे कण दिसले, तर टायमिंग कव्हर उघडून बुचाचे सील पुन्हा पाहावे.