अंगण, पाळणाघर आणि पालक

पालकांनाही शिकवावे लागते, हा विचार समुपदेशकांच्या कार्यशाळांबरोबर आपल्याकडे आला, असा समज आम्हांस वारंवार आढळतो. तो खरा नाही. गिजुभाई बधेका वकील होते. १९१३ साली मुलगा झाला. त्याला कसे वाढवावे या विवंचनेतून ते माँटेसरीच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर उभे राहिले. म्हणजे पहिला विद्यार्थी एक बापच होता! पुढे त्यांनी पालकांसाठीही लिहिले. त्यांच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'आईबाप होणे कठीण आहे' असा होतो.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम मराठीत आणले. 'शिक्षणपत्रिका' हे त्याचे एक साधन. पण पत्रिका वाचणार कोण? ज्या घरात अक्षर पोहोचले होते, तेच घर. ही मर्यादा ताराबाईंना १९४५ मध्ये बोर्डीस नेणारी ठरली असावी, असे आम्हांस वाटते.

बोर्डीत बालवाडी निघाली, तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात गेली. मुलांची अंघोळ, केस विंचरणे, बिया-शंखशिंपल्यांचे खेळ, सारे आयांच्या डोळ्यांदेखत. भाषण नाही, पत्रक नाही. आईने हातातले काम न सोडता पाहावे, एवढेच. पालकशिक्षणाची याहून नेमकी रचना आमच्या पाहण्यात नाही.

१९५७ मध्ये काम कोसबाडला गेले, तेथे वारली पाड्यांवर निराळाच पेच होता. थोरली मुलगी शाळेत येत नसे, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर. येथे आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटवत बसणे व्यर्थ होते. त्यांना मजुरीला जाणे भागच होते. ताराबाई व अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हे पाळण्यात, ताई वर्गात. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणावर गेली. दोष पालकांच्या अज्ञानात नसून दिवसाच्या वाटणीत आहे, हे ओळखणे सोपे नव्हते. (आजचे कित्येक उपक्रम तेथेच अडखळतात.)

१९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले. तिच्यात पोषण व आरोग्यशिक्षण आहे. मात्र ते १५ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी. ज्या बापापासून ही कथा सुरू झाली, त्याचा त्या कलमात उल्लेख नाही.