आईची मासोळी

आमच्या इंदापूर भागात जुन्या बाया जोडव्यांच्या शेजारच्या बोटात मासोळी घालायच्या. चांदीचा इवलासा मासा, अंगावर खवले, फाकलेली शेपटी. आता लग्नाच्या खरेदीत जोडवी घेतात, मासोळी क्वचितच कुणी मागतं.

माझ्या आईच्या मासोळ्या १९७२ च्या दुष्काळात गेल्या. भीमा गावाच्या उशाला, पण पात्रात नुसती वाळू. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायचे. खायला मिलोची लाल भाकरी अन् सुकडी. एक दिवस आईनं मासोळ्या काढून फडक्यात बांधल्या आणि त्यांचे दाणे आणले. जोडवी तेवढी ठेवली, ते सौभाग्याचं लेणं. ती काही बोलली नाही, पण चालताना व्हायचा तो बारीक आवाज बंद झाला.

१९७४ साली मी आठवीत होतो. चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरीला नाव घातलं. सरकारच्या या ग्रेड परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती असायचं, अन् नक्षीकामाचा एक कागद. सर म्हणाले, "वर्तुळात बसेल असं काहीतरी काढ, पण आपलं काढ." मला मासोळीच आठवली.

घरी पाटीवर काढायला बसलो. दोन कमानी समोरासमोर जोडल्या की अंग होतं, डोक्याला चंद्रकोर, शेपटीला कमळाच्या दोन पाकळ्या. इथवर जमलं. खवले काही केल्या बसेनात. मी शेपटीकडून सुरू करायचो अन् मासा उलटा सोलल्यासारखा दिसायचा. दादा बैलांना वैरण टाकून आले, बघितलं अन् म्हणाले, "आरं, घरावर कौलं कशी हायती? वरचं कौल खालच्यावर चढतं, म्हणून पाणी आत जात न्हाय. मासा पाण्याच्या उलट तोंड करून उभा ऱ्हातो. त्याचं डोकं म्हणजे आढं अन् शेपटी म्हणजे वळचण."

मग डोक्याकडून धरलं. पहिली ओळ अर्धगोलांची, दुसरी ओळ पहिलीच्या दोन खवल्यांच्या मधून निघालेली. मासा एकदम पोहायला लागला. तसे चार मासे वर्तुळात, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाशी.

परीक्षेला एसटीनं बारामतीला गेलो. पास झालो, ग्रेड साधीच. सरावाचा कागद आईला दाखवला. ती कधी शाळेत गेली नव्हती. तिनं हात पदराला पुसले, एका माशावर बोट ठेवलं अन् म्हणाली, "ही माझीच हाय. हिच्या शेपटीचं एक टोक जरा आखूड होतं." मी मुद्दाम तसं काढलं नव्हतं. हातालाच आठवलं असावं.

पुढं १९८० ला उजनी धरण पुरं झालं. पूर्ण भरलं की ११७ टीएमसी पाणी. भीमाकाठची गावं उठली, आमचं कौलारू घरही गेलं. पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा पाण्यात गेलं. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं अन् माणसं बघायला जातात. तो कागद उठाउठीत कुठं राहिला, कळलं नाही. जिथं मी पाटी घेऊन बसायचो तिथं आता खरेच मासे फिरतात, अन् भिगवणच्या बाजारात त्यांचा लिलाव होतो.

मासोळ्या परत करायच्या मनात होतं. ऊस लागला, पैसा आला, पण तोवर दादा गेले होते. आईच्या पायात जोडवीही राहिली नव्हती.

परवा नात एलिमेंटरीचा सराव करत होती. मासाच काढत होती अन् खवले शेपटीकडून. कौलांचं सांगितलं, तर म्हणाली, "आजोबा, आपल्याला तर स्लॅब आहे." तिला कौलं दाखवायची कुठून? मग भिगवणहून एक चिलापी आणली. तिचं बोट धरून डोक्याकडून शेपटीकडं फिरवलं, गुळगुळीत. उलट फिरवलं, तर अडकलं. "कळलं," म्हणाली अन् खोडरबर घेऊन बसली. मी तिला एवढंच म्हणालो, शेपटीचं एक टोक जरा आखूड ठेव.