मोटारीतील रबरी नळीची कथा

श्रोतेहो, वरोऱ्याहून चंद्रपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर भद्रावती हे प्राचीन गाव लागते. रेल्वेच्या स्थानकावर त्याचे भांदक हे नाव अजूनही कायम आहे. गावानजीकच्या विजासन टेकडीत बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी आहेत. भद्रनागाचे देवालय आहे. आसपास जुन्या शिल्पांचे अवशेष आहेत. दगडात घडविलेले हे काम शेकडो उन्हाळे-पावसाळे सोसून उभे आहे. आता याच रस्त्यावर, वैशाखाच्या टळटळीत दुपारी, एखादी जुनी मोटार बॉनेट उघडून वाफ ओकीत उभी राहिलेली मनासमोर आणा. मुलेबाळे झाडाच्या सावलीस बसली आहेत आणि घरधनी पाण्याच्या शोधात निघाला आहे. अशा मोटारीचा घात करणारी वस्तू पुष्कळदा लोखंडाची नसतेच. ती असते वीतभर लांबीची एक रबरी नळी. आज आपणांस तिचीच कथा सांगावयाची आहे.

एंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्याच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्याच्या द्वारे बाहेर टाकावा लागतो. कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या मोटारीत हे पाणी सरळ उकळून उडून जात असे. १८८८ साली त्याची पत्नी बर्था हिने मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटरांचा प्रवास केला, तेव्हा वाटेत जागोजाग थांबून तिला पाणी भरावे लागले. पुढे तेच पाणी निववून पुन्हा वापरण्याची युक्ती निघाली. १९०० च्या सुमारास व्हिल्हेल्म मायबाख याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला. फोर्डच्या १९०८ सालच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत तर, आरंभीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी आपोआप वर चढे आणि निवलेले खाली उतरे.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली. एंजिन थरथरते, रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्यास घट्ट जखडलेला असतो. दोहोंना धातूच्या नळीने जोडले तर ती काही दिवसांत तडकावयाची. तेव्हा दोघांच्या मध्ये काहीतरी मऊ, लवणारे हवे होते. ते काम रबराने पत्करले.

हे रबर मुळात तापमानाचे मोठे हळवे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास गंधकाबरोबर रबर तापविले असता ते टिकाऊ व लवचिक होते, हे आढळून आले. या शोधावर पुढे अनेक धनाढ्य झाले. गुडइयर स्वतः मात्र १८६० साली कर्जबाजारी स्थितीत वारला. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया इंग्लंडात नेल्या, आणि त्यांच्या रोपांतून मलाया, सिंहलद्वीप येथील रबराचे मळे उभे राहिले. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया व सिंगापूर जिंकले, तेव्हा जगाच्या नैसर्गिक रबराच्या पुरवठ्याचा सुमारे नऊ-दशांश भाग दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. तेव्हा रासायनिक रबरावाचून गत्यंतर उरले नाही. त्याचा पाया आधीच घातला गेला होता. १९३० साली ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स याच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर निर्माण झाले होते. १९६० नंतर ई.पी.डी.एम. नावाचे रबर प्रचारात आले. उष्णता आणि कूलंट यांस ते उत्तम टिकते. मात्र एंजिनाचे तेल त्यावर ठिबकत राहिले तर ते फुगून निकामी होते.

आपल्या देशात जुनी मोटार राखणे ही पुष्कळ काळ हौस नव्हती, गरज होती. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिलेली अँबॅसडर, या गाड्या बापाकडून मुलाकडे आल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा गाडीचे एंजिन चाळीस वर्षे चालते. पण तिच्यातील रबर चाळीस वर्षे जगत नाही. मालकाची चूक होते ती येथेच. गाडीचे वय एक मानून तो सर्वच भागांस सारखे आयुष्य बहाल करतो.

शिवाय ही नळी बाहेरून म्हातारी दिसत नाही. धातू, पाणी आणि रबर यांच्या संयोगाने सूक्ष्म विद्युत्प्रक्रिया घडते, आणि नळीला आतल्या बाजूने, विशेषतः टोकांपाशी, बारीक चिरा पडतात. वरून ती काळी, तुळतुळीत, निरोगी भासते. एंजिन निवल्यावर क्लिपांजवळ बोटांनी दाबून पाहावी. ती फार मऊ, फार कडक किंवा कुरकुरीत लागली, तर तिचे दिवस भरले असे समजावे. नळ्या बनविणारे सामान्यतः चार वर्षांनी त्या बदलण्यास सांगतात. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्या चंद्रपुराकडे ही मुदत लांबविण्यात शहाणपण नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही, परंतु संयमाचे आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत एक बार जादा दाब असेल, तर पाणी १२० अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर उसळते. म्हणून प्रथम गाडी पूर्ण निवू द्यावी आणि जुने पाणी भांड्यात काढावे. त्यात कूलंट असल्यास ते उघड्यावर ओतू नये. ते गोडसर पण विषारी असते, आणि गाई-कुत्री ते पितात. चिकटलेली जुनी नळी पिळून ओढू नये, उभी चिरून काढावी. नाहीतर रेडिएटरचे पितळी तोंडच उखडते. खालच्या नळीत तारेची स्प्रिंग असेल, तर नव्या नळीतही ती हवीच. नाहीतर पंपाच्या ओढीने नळी चपटते. दुकानात धूळ खात पडलेली नळी नवी म्हणून घेऊ नये, कारण रबर फळीवरही म्हातारे होते. पाणी भरल्यावर, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत, एंजिन झाकणाशिवाय मंद चालू ठेवावे. ते निवल्यावर पाण्याची पातळी व क्लिपा पुन्हा पाहाव्यात.

श्रोतेहो, विजासनचा दगड आपल्याकडून फारशी सेवा मागत नाही. रबर मागते. एंजिन आणि रेडिएटर यांच्यातील सारी थरथर ते मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेते, आणि म्हणूनच दोघांच्या आधी झिजते. तेव्हा उन्हाळा लागण्यापूर्वी, एखाद्या निवांत सकाळी, बॉनेट उघडून ती नळी एकदा हाताने चाचपून पाहा. काही आण्यांची म्हणून पूर्वी जिची उपेक्षा झाली, ती नळी आजही गाडीतील स्वस्त वस्तूंपैकीच एक आहे. तिच्या भरवशावर निघालेली माणसे तशी नाहीत.