रिद्धपूरची विहीर आणि हापशीचा वायसर

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर मराठी वाचकाला ठाऊक आहे ते महानुभावांमुळे. श्रीगोविंदप्रभूंचं वास्तव्य इथलं, म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं तेही इथेच, आणि अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं तेही याच गावी. पण गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या विहिरीची जी लीळा आहे, ती वाङ्मयाच्या इतिहासाइतकीच पाण्याच्या इतिहासालाही मोलाची आहे. मातंगांना पाणी मिळत नव्हतं, त्यांनी श्रीप्रभूंकडे गाऱ्हाणं घातलं, प्रभूंनी जागा दाखवली, तिथे खोदल्यावर पाणी लागलं. भाविकाला त्यात प्रभूंची कृपा दिसते आणि ते योग्यच आहे. पण त्याच कथेतून हेही कळतं, की तेराव्या शतकातल्या या गावात पाणी नव्हतं असं नाही, आणि खोदणारे हातही कमी नव्हते. असलेल्या पाण्याला हात लावायची मुभा मातंगांना नव्हती, म्हणून त्यांना वेगळी विहीर लागली.

आज घरच्या घरी नळदुरुस्ती करावी की नाही हा विषय निघाला, की त्यात हा हात लावण्याचा प्रश्न कुणी काढत नाही. एक बाजू म्हणते, पूर्वीचा माणूस स्वावलंबी होता, आता तोटी गळली तरी आपण प्लंबरची वाट बघत बसतो. दुसरी म्हणते, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, नसत्या उठाठेवी करू नयेत. दोन्ही बाजू धरून चालतात की प्रश्न कौशल्याचा आहे. वऱ्हाडातल्या पाण्याचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. घरच्या पाण्याची दुरुस्ती कुणी करायची हे इथे कौशल्यावर फार कमी वेळा ठरलं. ते ठरलं दोन गोष्टींवर: ती वस्तू कशी घडवलेली आहे, आणि तिला हात लावायची मुभा कुणाला आहे.

पूर्वीच्या स्वावलंबनापासूनच सुरुवात करू, कारण त्याचा डौल फार मिरवला जातो. विहिरीवरची मोट हे पाणी काढायचं सगळ्यांत मोठं साधन. बैल धावेवरून उतरत, नाड्याने मोट वर येई, सोंदूर ओढला जाऊन सोंड सुटे आणि पाणी थारोळ्यात पडे. यातला प्रत्येक भाग डोळ्यांपुढे उघडा होता. काय झिजलं, कुठे फाटलं, हे कुणालाही बघून कळे. पण बघून कळणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. चाक सुतार करी, कणा आणि कड्या लोहाराच्या, चामड्याची मोट चांभार शिवी, आणि नाड्याचा दोर वळणं पुष्कळ गावांत मातंगांकडे असे. वर्षाकाठी बलुतं घालून शेतकरी ही सेवा मिळवी. म्हणजे कुणब्याचं घर पाण्याच्या बाबतीत स्वावलंबी नव्हतं. गाव होतं, तेही हक्कांच्या उतरंडीसकट. ज्याने मोट शिवली त्याच्या हातचं चामडं विहिरीत बुडे, ज्याने दोर वळला त्याचा दोर पाण्यापर्यंत जाई, पण त्याची घागर त्या विहिरीला लागलेली चालत नसे. दुरुस्तीचं कौशल्य एकाकडे आणि पाण्याचा हक्क दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचललं, तेव्हा आव्हान दिलं ते याच वाटणीला. ‘पूर्वी सगळं घरच्या घरी व्हायचं’ हे वाक्य उच्चारण्याआधी ही गोष्ट ध्यानात असावी.

यंत्र आल्यावर जातीची उतरंड आपोआप मोडेल असं वाटणं साहजिक होतं. काही प्रमाणात तसं झालंही. मात्र यंत्राने दुरुस्तीचं काम वेगळ्याच दिशेला नेलं, आणि इथे हातपंपाची कथा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती बहुतांशी महाराष्ट्रात घडली आहे. भारतातल्या खेड्यांत आधी बसलेले बिडाचे हातपंप हे अमेरिका-युरोपातल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला होत्या. तिकडे तो पंप एका कुटुंबाचा. दिवसातून थोडा वेळ दांडा हलणार, आणि काही बिघडलं तर घरचाच माणूस पाना घेऊन बसणार. म्हणजे ते खऱ्या अर्थाने घरगुती यंत्र होतं. इथे तेच यंत्र अख्ख्या गावासाठी उभं केलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांड्याला उसंत नाही; मग सांधे झिजले, खिळी तुटल्या, बिडाची डोकी तडकली. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे खडकात बोअर घेणारी यंत्रं महाराष्ट्रात फिरली, बोअर झाले, पण १९७०च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा देशात बसवलेल्या पंपांतले बहुतेक बंद असल्याचं दिसून आलं. पाणी खाली होतं, पंप वर होता, मधला जोड तुटलेला.

त्यावरचा उपाय कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत सुचला नाही. जालन्याला मिशनच्या लोकांनी बिडाऐवजी पोलादी पत्र्याचा पंप केला. सोलापूरच्या कार्यशाळेत त्यात आणखी सुधारणा झाली: दांड्याला बंद बेअरिंग आणि गज ओढायला साखळी, म्हणजे गज सरळ वर-खाली होतो, आडवा ताण बसत नाही. हा सोलापूर पंप पुढे युनिसेफ आणि चेन्नईच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या हाती गेला आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातून ‘इंडिया मार्क टू’ निघाला. आपल्याकडे गावोगाव जिला हापशी म्हणतात, वऱ्हाडात नुसतं ‘बोरिंग’ म्हटलं तरी चालतं, ती हीच. तिने किती घरांना पाणी पाजलं याचा हिशेब लागणार नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कारागिरीने जगाला दिलेल्या मोठ्या वस्तूंमध्ये तिची गणना व्हायला हवी. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत ती आजही उभी आहे.

पण मार्क टूची एक बाजू फारशी बोलली जात नाही. तिचं सिलिंडर बोअरमध्ये पाण्याखाली, कित्येकदा शंभर फुटांच्या आसपास खोल असतं. त्यातल्या दट्ट्याला चामड्याचे, पुढे रबराचे वाटीसारखे वायसर बसवलेले असतात. वायसर घासले की दांडा रिकामा हलतो आणि पाणी येत नाही. वायसर काही रुपयांचा. तो बदलायला मात्र सव्वा इंची लोखंडी पाइपांची अख्खी माळ, आतल्या गजांसकट, एकेक नग क्लॅम्पमध्ये धरून, उलगडून वर काढावी लागते. त्याला चार-पाच गडी, खास अवजारं आणि गाडी लागते. पंप गावाचा, पण त्याचं पोट उघडायची किल्ली जिल्हा परिषदेच्या पथकाकडे. गावातला चांगला लोहार शेजारी उभा राहून सगळं बघतो, समजतोही, तरी त्याला हात घालता येत नाही. इथे जातीने अडवलेलं नाही, अज्ञानाने तर नाहीच. पाइपाच्या व्यासाने अडवलेलं आहे.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९८०च्या दशकात कोइमतूरच्या भागात चाचण्या होऊन ‘मार्क थ्री’ तयार झाली. तिच्यात बाहेरचा पाइप अडीच इंची, सिलिंडरच्या मापाचाच. त्यामुळे पाइप जागच्या जागी ठेवून नुसते गज ओढले की दट्ट्या आणि खालचा व्हॉल्व्ह हाती येतात. दोन माणसं, दोन-तीन पाने, थोडा वेळ. गावातच देखभाल व्हावी एवढा एकच हेतू धरून केलेली ही घडण. तरी ती सगळीकडे पसरली नाही. जाड पाइप महाग पडतो आणि खोल बोअरमध्ये त्याचं वजन पेलत नाही. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात तर भूजल उपसून उपसून इतकं खाली गेलं, की हातपंपाचाच विषय मागे पडला आणि पाण्यातली मोटर आली. पण मार्क थ्रीने एक गोष्ट सिद्ध केली: तेच गाव, तीच माणसं, तेवढंच शिक्षण, घडण बदलली आणि दुरुस्ती त्यांच्या हातात आली.

नळाचंही तसंच. जुन्या लोखंडी पाइपाची जोडणी करायची तर पाइप व्हाइसमध्ये धरा, डायने आटे पाडा, आट्यांवर सूत गुंडाळा, सफेदा फासा, मग पाइपपान्याने आवळा. घरी एवढी सामग्री नसते, म्हणून फिटर आला. पीव्हीसी आल्यावर करवतीचं पातं आणि सोल्युशनची डबी एवढ्यावर काम भागू लागलं, आणि वऱ्हाडातल्या घराघरांत माणसं स्वतः लाइन टाकू लागली. मात्र लोखंडी सांधा कष्टाने का होईना, उलगडतो. पीव्हीसीचा चिकटलेला सांधा उलगडतच नाही. तो कापायचा आणि नवा कपलर घालायचा. तोटीच्या बाबतीत उलट झालं. जुनी पितळी तोटी उघडली, की आत एक रबरी वायसर. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गोल कापून घातला तरी महिनाभर निभायचं. आता पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोट्या आल्या, त्यांच्या आतला भाग बिघडला की तो सबंध बदलायचा. बसवणं सोपं झालं आणि दुरुस्त करणं अवघड, हे दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी.

घडण उघडी असली की माणसं किती पटकन शिकतात, हे पाहायचं तर मोर्शी भागातल्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या पाहाव्यात. खारीने नळी कुरतडली की शेतकरी ती तेवढी कापतो, जॉइनर घालतो, दोन मिनिटांत पाणी सुरू. नळीचं टोक दुमडून इंग्रजी आठच्या आकाराच्या कडीत अडकवलेलं असतं. कडी काढली की आतला गाळ धुऊन निघतो. ड्रिपर क्षारांनी बसले तर आम्लाचं पाणी सोडतात. हे करणाऱ्यांना कुणी नळकारागीर म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणवत नाहीत, पण दाब, गळती, गाळणी, उतार यांचं त्यांना असलेलं ज्ञान पक्कं आहे. घरातही हीच कल्पकता जुनी आहे. मोरीचं पाणी वाया न घालवता परसातल्या केळीला, अळूला वळवायचं, हे वऱ्हाडच्या बायांनी कुणाच्या सांगण्यावरून सुरू केलेलं नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत गंभीर आक्षेप आरोग्याचा आहे आणि तो टाळता येत नाही. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद असताना लाइनमधला दाब उतरतो आणि नालीजवळचा सांधा ढिला असेल, तर सांडपाणी आत ओढलं जातं. एका घराने हौसेने केलेली कच्ची जोडणी अख्ख्या गल्लीला कावीळ देऊ शकते. नळाला थेट टिल्लू पंप लावणं हाही घरगुती उद्योगच, आणि त्याने शेजाऱ्याचं पाणी तर पळतंच, वर घाण ओढण्याचा धोका वाढतो. म्हणून मीटरच्या किंवा मुख्य चावीच्या बाहेरची लाइन ही सार्वजनिक आणि आतली घरची, ही रेघ मी मान्य करतो. पण या आक्षेपातून घरच्यांनी हातच लावू नये हे निघत नाही. आपण कुठवर हात घालायचा हे त्यांना नीट कळलं पाहिजे, एवढंच निघतं. ज्याला चावी कुठे बंद करायची हेच ठाऊक नाही, तो फिटर येईपर्यंत पाणी वाहू देतो.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा: सगळे घरीच दुरुस्ती करू लागले तर फिटरने काय करायचं? याला वस्तुस्थितीचं उत्तर असं, की गावात फिटर मिळत नाही हीच तक्रार मोठी आहे. जल जीवन मिशनने २०१९पासून घरोघरी नळ नेले आणि नंतर ‘नल जल मित्र’ म्हणून गावातली माणसं शिकवायची योजना आणावी लागली, ती यामुळेच. वायसर बदलायला बोलावलेल्या फिटरचा वेळ वाचला, तर तो टाकीच्या गळतीला, फुटलेल्या मुख्य लाइनला मिळेल.

तिसरा आक्षेप मला स्वतःला जास्त अवघड वाटतो: गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, तुकडोजी महाराजांनी श्रमदानाचा घोष केला, ही याच जिल्ह्याची परंपरा, पण श्रमदानाच्या नावाखाली सरकारने आपली जबाबदारी गावावर ढकलायची वाट त्यातून मोकळी होते का? होते. २००३पासूनच्या जलस्वराज्य प्रकल्पाच्या काळात योजना गावाने चालवायची हे धोरण रुजलं. ते रास्त आहे, पण सुटे भाग, अवजारं आणि शिकवणूक सोबत दिली तरच. नुसती जबाबदारी देणं म्हणजे मार्क टूची माळ गावाच्या अंगणात टाकून निघून जाणं.

आणि मुभेचा प्रश्न आजही संपलेला नाही. पाणी भरणं, साठवणं, पुरवणं हे बायांचं काम. बिघाड पहिल्यांदा त्यांनाच कळतो. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९०च्या दशकात दलित बाया हापशी दुरुस्त करायला शिकल्या, तेव्हा त्यांना विरोध झाला तो जड पाइप उचलता येणार नाहीत या सबबीखाली. त्यांनी पाइप उचलले. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट आणि त्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, हे चांगलंच झालं. गढूळपणा, क्लोरिन, फ्लोराइड त्या तपासतात. त्याच पाचजणींना पाइपपाना, करवत, चार मापांचे वायसर आणि आपल्या गावच्या लाइनचा नकाशा द्यायला तेवढाच खर्च येईल, आणि मोर्शी तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीला तो पाणीपट्टीतून या वर्षीच करता येण्याजोगा आहे.