देवगिरीचीं मिठाचीं पोतीं

वेरूळच्या वाटेवर, सपाट रानांत एकाकी उभा राहिलेला सुमारें ६०० फूट उंचीचा डोंगर म्हणजे देवगिरि. यादवराजा पांचवा भिल्लम यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस येथें राजधानी केली. इतर गडांना तट बांधावे लागले. येथें डोंगराचेच कडे तासून गुळगुळीत भिंत केलेली आहे. पायथ्याशीं कातळांत खोदलेला खंदक. तो ओलांडल्यावर ‘अंधारी’ नांवाचा वळणावळणाचा मार्ग खडकाच्या पोटांतून वर चढतो. त्याच्या वरच्या तोंडाशीं लोखंडी झांकण असे; तेथें आग पेटविली कीं आंत शिरलेला शत्रु धुरानेंच गुदमरावा, अशी योजना!

१२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी या गडावर चालून आला, तेव्हां युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. रामदेवराय गडाच्या आश्रयास गेला. कोंकणांतल्या व्यापाऱ्यांनीं टाकून दिलेलीं पोतीं धान्याचीं समजून घाईघाईनें वर नेलीं, आणि उघडून पाहतां आंत मीठ निघालें, असें फेरिस्ता सांगतो. फेरिस्ता तीन शतकांनंतरचा. पुरावा म्हणून या कथेची किंमत बेताचीच. पण या गडाचें मर्म तिनें अचूक हेरलें आहे. फेरिस्त्यानें ती लिहिल्यावर एका पिढीच्या आंतच, १६३३ सालीं, महाबतखानाच्या मोंगली फौजेनें खालचे कोट सुरुंगांनीं फोडले. बालेकिल्ला मात्र हल्ल्यानें पडला नाहीं. आंतलें धान्य संपलें, आणि मलिकंबराचा पुत्र फत्तेखान यानें गड मोंगलांच्या हवालीं केला.