नापास, डॅमेज, फॉल्ट : अपयशाची परकी नावे

परक्या भाषेतील शब्द आपल्या बोलीत शिरले म्हणजे आपण हळहळतो. परंतु ते नेमके कोणत्या दाराने आले, याची चौकशी सहसा करीत नाही. चुकीच्या आणि अपयशाच्या शब्दांपुरती ती करून पाहू. त्यासाठी सुरतेचे नवागाम हे ठिकाण योग्य आहे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची असंख्य कुटुंबे सुरतेत आणली. नवागाम-डिंडोलीच्या वस्तीत त्यांची मराठी आणि अहिराणी आजही कानी पडते. या मराठीला एका अंगाने गुजरातीचा शेजार, दुसऱ्या अंगाने यंत्रमागाची खडखड.

शेजाराची गंमत आधी सांगतो. गुजरातीत ‘भूल’ म्हणजे सरळ चूक. मराठीत भूल पडते ती मोहाची, आणि देतात ती शस्त्रक्रियेपूर्वी! मात्र ‘चूकभूल’ म्हणताना दोन्ही भाषा पुन्हा एकत्र येतात. गुजराती व्यापारी हिशेबाखाली ‘भूलचूक लेवीदेवी’ लिहितो, मराठी व्यापारी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहितो. कापडबाजाराच्या छापील बिलावर मात्र त्या जागी ‘ई. अँड ओ. ई.’ ही अक्षरे दिसतात. म्हणजे ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’. आपण हा केवळ भाषांतराचा प्रकार समजतो. तसा तो नाही. ‘द्यावी घ्यावी’मध्ये दोन माणसे आहेत, चूक तुमची निघाली तर तुम्ही द्या, माझी निघाली तर मी देईन. इंग्रजी वाक्यात बिल लिहिणारा फक्त स्वतःला सोडवून घेतो. देणे नाही, घेणेही नाही.

इंग्रजांना सुरतेत वखारीची परवानगी १६१३ साली मिळाली. तरी अपयशाची जी इंग्रजी नावे आज घरोघर आहेत, ती वखारीची नव्हेत. ती परीक्षेच्या दालनातून आणि गिरणीच्या फाटकातून आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. गुजरात विद्यापीठ १९४९मध्ये निघेपर्यंत सुरतेची महाविद्यालये मुंबईलाच जोडलेली होती. त्यामुळे तापीच्या काठी आणि मुळा-मुठेच्या काठी विद्यार्थी एकाच पद्धतीने ‘नापास’ होत. या शब्दाची घडण पाहावी : ‘पास’ इंग्रजी, आणि त्यामागचा ‘ना’ नाराज, नालायक, नापसंत यांतला, फारसी. दोन राजवटींनी मिळून एक अपयश घडवले, आणि मराठी-गुजराती दोघींनी ते उचलले. पुस्तकी ‘अनुत्तीर्ण’ गुणपत्रिकेवरच राहिला. पुढे ‘एटीकेटी’ आली. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ ही खरे तर सवलत. पण आपण म्हणतो ‘एटीकेटी लागली’, जशी साडेसाती लागते.

आता मागाकडे येऊ. ‘फेल’ शब्द ब्रेकला लागतो, किडनीला लागतो. ‘फॉल्ट’ तारेत असतो, मोटारीत असतो. तागा तपासताना धागा चुकलेला दिसला की माल ‘डॅमेज’ किंवा ‘सेकंड’. आणि चूक? ती माणूस करतो. ‘माझी चूक झाली’ या वाक्यात ‘माझी’ आहे. ‘डॅमेज निघाला’ या वाक्यात कुणीच नाही. कसूर, गफलत, हयगय या आपल्या जुन्या शब्दांतही माणूस उभा असतो. त्यांतले कसूर आणि गफलत अरबी-फारसीतून आलेले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तरी हे शब्द काही मराठीतून गेले नाहीत. तेव्हा शब्द परका आहे एवढ्यावरून मी त्याला दोष देणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘डॅमेज’ला कर्ता नाही, पण पैसे मात्र कापले जातात. मुंबईच्या गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून वळती करीत. गिरणी कामगारांचे हे जुने गाऱ्हाणे. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला मर्यादा घातली, आणि नुकसानीची कपात फक्त एका अटीवर मान्य केली : कामगाराकडे सोपवलेल्या मालाचे नुकसान थेट त्याच्याच हयगयीने किंवा कसुरीने झालेले असले पाहिजे. २०१९च्या वेतन संहितेतही ही अट कायम आहे, आणि कपातीपूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे कायदा विचारतो, कसूर कुणाची? सूत कच्चे होते, वीज गेली, की हात चुकला? ‘डॅमेज’ हा शब्द तो प्रश्न विचारतच नाही.

नवागामच्या मुलाला ही भाषा कुठे मिळणार? सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. तिथे व्याकरणाच्या तासाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवतात. ‘तागा बिघडला’ आणि ‘मी तागा बिघडवला’ यांतला फरक त्याच तासाला फळ्यावर लिहिता येईल. पगाराच्या दिवशी तो मुलाच्या वडिलांच्याही कामाचा आहे.